अक्काचा गुडघा आणि देशाची तूट

देवपूर, धुळे

चि. राजदीप यास आधारदाजींचा सप्रेम जयभीम.

तू, सपना आणि पोरं खुशाल असाल असं धरून चालतो, कारण आणखी कुणाची काळजी करायची ताकद माझ्यात उरलेली नाही. (फोनच करणार होतो, पण तुझी अक्का स्वयंपाकघरातून सगळं ऐकते.)

ज्येष्ठ नागरिक मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून मी विदेशी मालाच्या हात धुऊन मागे लागलोय, हे तुला ठाऊकच आहे. देश बाहेरून घेतो जास्त, विकतो कमी, ही तूट मी मंडळात तासभर समजावली आणि सगळ्यांना देशी मालाची शपथ दिली. (तोताराम झोपला होता, त्याला उठवून दिली.) घरात विदेशी सफरचंद बंद केलं. आमच्या मृणालीनं आईच्या गुडघ्यासाठी पाठवलेलं शेकायचं यंत्र चिनी निघालं, ते तोतारामाला देऊन टाकलं. (शपथ त्यानं अर्धवट झोपेत घेतली, म्हणून त्याला चालतं म्हणे.) तो आता रोज पांझरा नदीपर्यंत फिरून येतो आणि तुझी अक्का जेमतेम उंबरठ्यापर्यंत.

शेवटी डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलावा लागेल. देशी बसवू की इम्पोर्टेड? मी घसा खाकरेपर्यंत हिनं सांगून टाकलं, "देशीच बसाडा. आमना घरमा इदेशी कायबी चालत नही." डॉक्टरांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी कसाबसा हसलो. एवढ्या संसारात माझं एक ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं हे! डॉक्टर म्हणतात, दोन्ही चांगले. पण गुडघा म्हणजे काय केरसुणी आहे, मोडली की दुसरी आणली? राजदीप, मला फार भीती वाटते रे. माझ्या भाषणापायी ती जन्माची लंगडली तर मी तिला तोंड कसं दाखवू?

बाकी भेटीअंती. पोरांना पापा.

तुझा,
आधारदाजी

ता.क. : तिला फोन करून सांग, तिच्या मापाचे देशी गुडघे संपलेत. तुझं औषधांचं दुकान आहे, तुझं ती मानेल. माझं नाव घेऊ नकोस.

ता.क. दुसरा : सवयीनं पत्र पाकिटात घालायला हिच्याच हाती दिलं आणि हिनं ते वाचलं. मग म्हणाली, "तुमले भ्याव वाटस ते इदेशी बसाडू. पन मंडळमा तुम्ही सोता सांगा." तेव्हा फोन नको. देशी गुडघाही चांगला टिकतो म्हणतात. नीट चौकशी कर, आणि तसं असेल तर लगेच येऊन आम्हाला सांग, म्हणजे मंडळात सांगायची वेळच येणार नाही. नसेल तरी ये. मंडळात उभा राहीन तेव्हा शेजारी कुणीतरी आपलं माणूस हवं.