सकाळी तपासलेलं विमान

आप्पा,

रागावलात तरी ऐका. पाठवायला पत्ता उरला नाही, म्हणून हे तुमच्या हत्यारांच्या पेटीत ठेवणार आहे.

एअर फोर्समध्ये तुम्ही ज्या नॅट विमानांचे फिटर होता, तेच विमान मी शाहूपुरीच्या खोलीत कॉम्प्युटरवरच्या खेळात उडवायला बनवत होते. तुम्ही शेजारी बसून भांडायचा, "आवाज असला न्हाय, पद्मा. कान फाटायला पायजेत." संकटात पायलटला बाहेर फेकणाऱ्या सीटची सेफ्टी पिन उड्डाणाआधी काढून त्याला दाखवायची, ही तुमची रीत. खेळातही तुम्ही पिनेऐवजी माझं पेन उंच धरून पडद्याला दाखवायचा. मला हसू यायचं.

सगळं हुबेहूब हवं म्हणून मी त्यात बिघाडही घातला. कधीतरी हायड्रॉलिक बंद पडून विमान ताब्यात राहणार नाही, असा. तुम्हाला सांगितलं नाही. शाबासकी मिळेल वाटलं.

त्या दिवशी विमान थेट शेतात घुसलं. पेन तुमच्या हातात तसंच. "मी सकाळी बघितलतं की," तुम्ही पडद्याला म्हणालात. "सगळं नीट हुतं." मग उठलात, ते पुन्हा त्या खोलीत आला नाहीत.

तुम्ही गेल्यावर आईनं सांगितलं. तुम्ही सकाळी तपासलेलं एक विमान असंच कोसळलं होतं, आणि त्यात गेलेला पायलट बावीस वर्षांचं पोरगं होतं. चौकशीत तुमचा दोष निघाला नाही, तरी त्या तारखेला दरवर्षी तुम्ही उपास धरायचा. आम्हाला वाटायचं, धर्माचा असेल.

तो बिघाड मी काढून टाकलाय. हा खेळ खेळणारे लोक लिहितात, आता हे खरं वाटत नाही. नसू दे.

पेन उंच धरल्याशिवाय मी उडवत नाही. ते पोरगं रोज सुखरूप उतरतं, आप्पा.

तुमची,
पद्मा