गाळ उपसणारे

झाशी, ४ मार्च १९३१
कालच आलो. मनमाडच्या धुरकट खोल्यांनंतर हे घर म्हणजे चैनच! रेल्वेची कौलारू कॉटेज, आणि व्हरांड्यापासून हाकेच्या अंतरावर कमळताल. इंजिनांना पाणी इथूनच जातं. तळ्याची निगा राखायचं काम आमच्या यांच्याकडे. पाणी इतकं नितळ की तळाचे शिंपले दिसतात. दक्षिणेचा कोपरा तेवढा कमळांनी गच्च भरलाय.

९ मार्च
धुणंभांडी करणारी चंपा इथलीच. तिने सांगितलं, मोठ्या दुष्काळात मूठभर धान्यावर माणसं लावून हे तळं खोदलं. खोदता खोदता मेली ती दक्षिणेच्या कोपऱ्यातच पुरली, म्हणून तिथली कमळं कुणी तोडत नाही. मग तळ्याचा गाळ कोण काढतं, असं मी विचारलं. म्हणाली, "बहूजी, वे खुद निकालते हैं." मला हसूच आलं.

१७ मार्च
उन्हं तापली, इंजिनांना पाणी पुरेना. कमळांनी अडवलेली जागा मोकळी करून पाणी वाढवायचं म्हणून यांनी आज सगळी कमळं उपटवली. चंपा हातातली भांडी टाकून निघून गेली.

२० मार्च
भर दुपारी दक्षिणेला माणसांची रांग. गुडघाभर पाण्यात, डोक्यावर पाट्या, पोटं खपाटीला गेलेली. मजूर लावलेत का, यांना विचारलं. नाही म्हणाले. दोघांनी मिळून पाहिलं. माणसं चालत होती, पाणी हलत नव्हतं.

२२ मार्च
यांच्या नखांत चिखल. सकाळी घासून धुतला, जेवायच्या वेळी पुन्हा तसाच. ताट सरकवलं. मूठभर ज्वारी मागितली. कच्ची.

२४ मार्च
हात धरून म्हटलं, आत्ताच्या आत्ता स्टेशन गाठू. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुकादम सोडत नाही." कुठला मुकादम —

२५ मार्च
हे रांगेत आहेत. काठावरून हाका मारल्या, वळले नाहीत. यांच्या पायांनीही पाणी हलत नाही.
धावत चंपाकडे गेले. दाराआडून म्हणाली, कमळं परत लावा. चिखलात उतरून लावली. मुळं कुजलेली — तरंगून वर येतात —

२६ मार्च
हे आलेत. व्हरांड्यात, भर उन्हात, अंगातून पाणी गळतंय. हातात दोन पाट्या. मागे सगळी रांग, पायरीपर्यंत.
कडी लावलीय.
रागावत नाहीत. समजुतीनं बोलताहेत. अनुसूया, माणसं कमी पडतात गं, चल —
नाही जाणार. नाही. पण पाय — माझे पाय दाराकडे —