बुटाच्या नाडीची गाठ

दादा,

सीमेवरून तू परत आला नाहीस त्याला चार वर्षं झाली. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? तरी लिहिते, पोटात मावत नाही म्हणून.

तुम्हा सगळ्यांच्या स्मारकाचा पुतळा आमच्याच कारखान्यात ओतला. तीन माणसांएवढा उंच सैनिक! "चेहरा कुणासारखाही दिसता कामा नये, तो सगळ्यांचा आहे," अशी शिल्पकारबाईंची सक्त ताकीद होती. चेहऱ्याला मी हात लावला नाही. पण ओतण्याआधी साच्यासाठी केलेले मेणाचे बूट साफ करायला माझ्याकडे आले, आणि उजव्या नाडीला मी गुपचूप तुझी गाठ मारली. शाळेच्या पायरीवर तोंडावर आपटलास, तेव्हा आईनं शिकवलेली, दुहेरी, टोकं आत खोचलेली. मग ब्राँझ ओतलं आणि माझी चोरी पक्की झाली.

आज पडदा सरकला आणि हजारो माना एकदम वर झाल्या. त्याच्या पायाशी बसून मी रोज डबा खाल्लाय, तरी अंगावर काटा आला.

चौथरा छातीएवढाच आहे. आईनं थेट त्या गाठीवर हात ठेवला. मी काही सांगितलं नव्हतं, शप्पथ. तेवढ्यात शेजारची अनोळखी म्हातारी म्हणाली, "माझा पण अश्शीच गाठ मारायचा हो."

आई बाजूला सरकली. "या, धरा ना. तुमचाच आहे."

मागे वळून बघते, तर रांग लागलेली.

तुझी भांडकुदळ धाकटी