वाकडी बाही

ता. ९ मार्च, दुकानातून

ती. दादास,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? इकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, त्यामुळे सकाळपासून मशीन थांबलेलं नाही आणि पाठीची पार वाट लागली आहे. छोटू तिसरीत आहे. पुढचे दोन दात पडलेत, पण तोंडाचा पट्टा तसाच चालू.

दोन वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत खोटं लिहिलं. ठीक काही नाही, दादा.

छोटूचं डावं कोपर सरळ होत नाही. मागच्या वर्षी दप्तर ओढताना त्याच्या कोपरात रक्तस्राव झाला. हिमोफिलियाचं नवं काय सांगू तुला? तुला आईकडून आला, त्याला माझ्याकडून. इंजेक्शन वेळेवर दिलं, सूज आठवड्यात उतरली. डॉक्टर म्हणाले, आता हात चालवायचा, आणि आम्हाला फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी व्यायाम लिहून दिले. मऊ चेंडू दाबायचा, पाण्याची छोटी बाटली उचलायची, हात टेबलावर ठेवून हळूहळू लांब करायचा. एक वही दिली, रोज केलं की खूण करायची.

मी रोज खूण केली. व्यायाम एकही दिवस करून घेतला नाही.

चेंडू त्याच्या हातात दिला की मला तुझं कोपर दिसायचं, फुगलेलं, गरम, आणि तू उशी चावत पडलेला. मी चेंडू काढून घ्यायचे. "नको, रक्त येईल," म्हणायचे. हाताला आधार म्हणून बांधलेली झोळी काढायला सांगितली होती, तरी घरात ती त्याच्या गळ्यात राहिली. तू मला भित्री भागूबाई म्हणून चिडवायचास ते उगाच नव्हे.

आता जे लिहायचं ते लिहायला हात धजत नाहीये. मधे उठून दोन विजारींना काजं करून आले.

हात वाकडा राहिला की शर्टाच्या बाहीला कोपराशी आत चुण्या पडतात आणि कुणाच्याही लगेच नजरेत येतं. मी बाहीला आतल्या बाजूने एक बारीक चिमटा घेऊन शिवला. बाही हाताबरोबर बेमालूम वळली. दिसायला छान दिसायचं. यांच्यासुद्धा लक्षात आलं नाही. दोन महिन्यांनी मला तो चिमटा वाढवावा लागला. मग पुन्हा एकदा. माझ्या बोटांना कळत होतं रे, पण मी मनाला कळू दिलं नाही.

गेल्या सोमवारी बाईंनी त्याला शर्ट काढायला सांगितला आणि तो खुंटीला अडकवला. मग हात मोजला. कोपर पूर्ण सरळ व्हायला तीस अंश कमी पडतात. मुठीत धरून दाबायचं यंत्र दिलं, तर उजव्या हाताचे अकरा किलो भरले, डाव्याचे चार. बाईंनी वही चाळली, सगळ्या खुणा पाहिल्या, आणि मग त्यांची नजर खुंटीकडे गेली. आत हात नव्हता, तरी डावी बाही वाकडीच लोंबत होती.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. खाली बसून त्यांनी मला समजावलं, की दंडाचे स्नायू सांध्याला धरून ठेवतात, ते असे वाळले की साध्या धक्क्यानेही पुन्हा रक्त येतं. म्हणजे ज्याला मी भ्यायले तेच मी वाढून ठेवलं. तीन महिने रोज मेहनत घेतली तर कोपर बरंचसं उघडेल, म्हणाल्या. नाही घेतली तर आत सगळं घट्ट होऊन बसेल.

सोमवारपासून मी प्रयत्न करतेय. बाटली उचलायला दिली की तो किंचाळतो, "रक्त येईल!" माझेच शब्द. माझे हात इतके कापतात की तो आणखीच घाबरतो. काल त्याने चेंडू फेकला आणि म्हणाला, "मामाचा हात वाकडाच आहे ना? मामाचं कुठे काय अडलं?"

मी चेंडू उचलून आणला. तुला सुतार व्हायचं होतं. रंधा दोन हातांनी रेटावा लागतो, म्हणून आज तू हत्यारं विकतोस. हे मला माहीत आहे, पण माझ्या तोंडून त्याला ते पटणार नाही.

दोन वर्षांपूर्वी तू एवढंच सांगायला आला होतास, की पोराला बांधून ठेवू नकोस, माझा हात असाच गेला. त्यावर मी काय बोलले ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. "आधी स्वतःचा हात सरळ कर, मग मला शिकव." तू चहाही न घेता उठलास. मला तेव्हाच तुझ्या मागे धावायला हवं होतं. मी दाराची कडी लावली.

आई तुझ्या शर्टांना असाच चिमटा घ्यायची. तिच्या मांडीशी बसून मी तो शिकले. तिला दुसरं काही ठाऊक नव्हतं. मला तर सगळे सांगत होते.

छोटूचे सगळे शर्ट मी उसवलेत. शिवण गेली, सुईची भोकं राहिली.

दादा, ये. मला माफ करू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, पण ये. त्याच्यासमोर बस, तुझा हात दाखव आणि कुठे कुठे अडलं ते सगळं सांग. बाटली त्याच्या हातात तू दे. तुझा हात कापणार नाही. नव्वद दिवसांतले पाच गेले. टपालात हे पत्र आणखी तीन खाईल.

तुझ्या येण्याची वाट पाहणारी, अजूनही तितकीच घाबरलेली,
तुझी भागूबाई

ता. क. पत्र लिहिताना छोटू शेजारी येऊन उभा राहिला. कुणाला लिहितेस, म्हणाला. मामाला, म्हटलं. त्याने चेंडू उचलून डाव्या हातात घेतला. दाबला नाही, नुसता धरून उभा आहे.