बटर पेपरवरची सात चित्रं

बाबा, आज मी नव्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर जुन्यासारखी आयकॉनची चित्रं लावत बसले होते आणि तुमचा बटर पेपर आठवला. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. चार घड्या पडलेला, कडेला तुमच्या तिरक्या अक्षरात 'नमुना, घाटंजी' लिहिलेला. कापसाचे नमुने बघून प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने कॉम्प्युटरचाही नमुना काढून आणला म्हणून मी तेव्हा पोट धरून हसले होते. तुम्ही मात्र अजिबात हसला नव्हता.

आपले दोन्ही कॉम्प्युटर यवतमाळच्या एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले. एक यवतमाळातच माझ्या घरी राहिला, दुसरा एसटीने घाटंजीला गेला. त्याला खिडकीची जागा, तुम्ही शेजारी उभे. दोनेक महिन्यांनी तुम्ही माझ्याकडे आलात, माझ्या पडद्यासमोर वाकलात आणि विचारलंत, "तुह्यावरचे चित्रं बारीक काहून? माह्यावर तं चांगले मोठे हायेत." मी म्हटलं, असेल काही सेटिंग. "सेटिंग काय असते? एका लॉटचा माल हाये ना? एका लॉटचे दोन नमुने येगळे निंगाले, म्हंजे कुठंतरी गडबड हाये." पुढच्या रविवारी तुम्ही कागद घेऊन हजर. स्वतःच्या पडद्यावर बटर पेपर चिकटवून एकेक चित्र पेन्सिलीने गिरवलेलं, जसंच्या तसं. तो कागद तुम्ही माझ्या पडद्यावर धरला आणि आपण दोघं मोजू लागलो. तुमच्या उभ्या रांगेत सात चित्रं मावत होती, माझ्या रांगेत नऊ. मीही मग हट्टाला पेटले. पडद्याची लांबीरुंदी पट्टीने मोजली, ती सारखीच भरली. तेव्हा लक्षात आलं की पडदे सारखे असले तरी त्यांच्या आतलं माप वेगळं लावलेलं आहे. ते कोणी बदललं, हे तुम्हालाही सांगता येईना.

म्हणून तुमचा पडदा बघायला मी घाटंजीला आले. दसरा जवळ आला होता, तुमचं कापूस खरेदी केंद्र आठ-पंधरा दिवसांत उघडणार होतं. त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी आपल्या जिल्ह्याचा पेपर उघडायचा धीर होत नसे, आणि केंद्रावर कापसाची गाडी लावून बसलेल्या माणसाचं सगळं तुमच्या एका शब्दावर असे: पांढरा म्हटलं तर वरचा भाव, पिवळट म्हटलं तर खालचा. मी पडद्याचं माप माझ्यासारखं केलं. चित्रं बारीक झाली, विस्कटली, म्हणून नावांप्रमाणे ओळीत लावून दिली. "वाचा बरं आता," मी म्हणते. तुम्ही बोट खाली खाली नेत नावं वाचता, न अडखळता: फोटो, पत्ते, गाणी, पत्रं. सगळी बरोबर, फक्त जुन्या क्रमाने. नव्या क्रमात गाणी सगळ्यात वर गेली होती आणि तुमचं बोट त्यांच्यावर असताना तुम्ही 'फोटो' म्हणालात.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. आई अंबाडीची भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्याच दुकानवाल्याले सांगून मोठे करून घेतले होते ते. त्यायले दिसत नाही बाई नीट. पेपर नुसता समोर धरून बसतेत. डोळ्याचं नाव काढलं का अंगावर येतेत. ग्रेडरचा डोळा गेला मंग राह्यलं काय, म्हणतेत. तू काई बोलू नको." मी बाहेर आले, माप पुन्हा मोठं केलं आणि म्हटलं, "बाबा, तुमचंच बरोबर होतं. गडबड माझ्या मशीनमध्ये आहे." केवढे खुललात तुम्ही! घरी जाऊन मी माझीही चित्रं मोठी केली. पुढच्या खेपेला तुम्ही कागद धरला तर सातही चित्रं रेषेवर रेष बसली. "जुळला लॉट," तुम्ही म्हणालात. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

मग हंगाम लागला. एका संध्याकाळी तुमचा फोन आला. "यंदाचा कापूसच पिवळट हाये पोरी. गाडीमागून गाडी पाहून राह्यलो, पांढरा म्हणून दिसत नाही. एक जण तं भांडलाच. म्हणे, साहेब, उन्हात धरून पाहा. म्या पाह्यला उन्हात. पिवळाच." त्याच दुपारी आमच्या रस्त्यावरून कापसाच्या चार गाड्या गेल्या होत्या. चारही पांढऱ्याशुभ्र. मी म्हटलं, "असेल, बाबा."

हंगाम संपल्यावर आईने हट्ट धरून तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करवलं. पट्टी निघाल्यावर तुम्ही माझ्या घरी होतात, कॉम्प्युटरसमोर. कोरं पान उघडलं होतं. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. "हे येवढं पांढरं होतं?" मग भिंतीकडे पाहिलंत, मग माझ्या ओढणीकडे. आणि अगदी हळू विचारलंत, "तुले माहीत होतं काय?"

मी म्हटलं, "नाही, बाबा."

तुम्ही मान हलवली. पुढच्या हंगामात स्वतःहून आत बसून पावत्या लिहायचं काम मागून घेतलंत. त्या भांडलेल्या माणसाला शोधत तुम्ही घाटंजीचे तीन आठवडी बाजार फिरलात, हे आईने मला तुम्ही गेल्यावर सांगितलं. त्याचं नाव तुम्हाला ठाऊक नव्हतं. तेव्हा दिसत नसल्याने चेहराही नीट आठवत नव्हता, म्हणून उभं राहून एकेकाचा आवाज ऐकत होतात म्हणे. तो काही सापडला नाही.

दोन पडदे वेगळे का, हे शोधायला तुम्ही कागद घेऊन एसटीने आला होतात. उत्तर मला सापडलं होतं आणि मी ते तुमच्यापासून लपवून दोन्ही पडदे सारखे करून टाकले. आईने अडवलं हे खरं, पण मला तरी कुठे सांगायचं होतं? तुमचा चेहरा उतरलेला मला बघवला नसता, आणि केंद्रावरच्या कोणाचा चेहरा मला बघावा लागणार नव्हता.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. पडद्यावरच ठेवते, तुमच्या सात चित्रांच्या खाली. तुम्ही एकदाच विचारलंत आणि मी नाही म्हटलं. होतं, बाबा. मला माहीत होतं.