दोघांचे फॉर्म एकत्रच

११ मे, सोमवार. सकाळी ७
ट्रक ड्रायव्हर व्हायचं नक्की केलं. हेवी गाडी. आमचं तलमडुगुचं किराणा दुकान बायको, पूनम, माझ्यापेक्षा चांगलं चालवते, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. तिच्यासमोर नाही. लाइट लायसन्स तीन वर्षांपासून खिशात आहे. चालवायचा योग आला नाही, एवढंच.

प्रश्न उरला तो शिकायचं कुठे हा. एक, कंपनीचं ट्रेनिंग. हैदराबादकडची मोठी ट्रान्सपोर्ट कंपनी आहे. शिकवणं, राहणं, जेवण सगळं फुकट, पण नंतर दोन वर्षं त्यांचीच गाडी चालवायची, तसा बाँड. दोन, आदिलाबादचं खासगी ड्रायव्हिंग स्कूल. फी आपली, पण शिकल्यावर आपण कुणाचे नोकर नाही. घाईने निर्णय घेणाऱ्यातला मी नाही. वहीत मधोमध रेघ मारली आणि दोन रकाने केले.

संध्याकाळी ६
बेल्याहून अमर आला. पूनमचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा साला. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर कामाला आहे. त्यालाही ट्रक शिकायचा आहे. मी त्याला दोन्ही रकाने वाचून दाखवले. त्याने चहा संपायच्या आत कंपनी ठरवली आणि फॉर्म भरून फोटोही चिकटवला. तरुण रक्त. म्हणाला, "तुमी उद्या आदिलाबादले जाऊनच राह्यले, त माहाबी देऊन द्या भाऊजी." शेवटची तारीख ३० मे. मी जबाबदारी घेतली. घरात शिकलेला माणूस मीच.

१२ मे, मंगळवार
दुकानाचा माल भरायला आदिलाबादला गेलो. अमरचा फॉर्म बाइकच्या डिकीत. कंपनीचं ऑफिस टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. जिन्यापर्यंत गेलो आणि एक विचार आला. माझा निर्णय झालेला नाही, म्हणजे माझा फॉर्म कोरा. आज अमरचा एकट्याचा दिला तर तो या बॅचला लागेल आणि मी पुढच्या. साला सीनियर, जावई ज्युनियर. उद्या हाच मला सांगणार, भाऊजी, क्लच दाबा. बेल्यात मी तोंड कसं दाखवायचं?

म्हणून ठरवलं, दोघांचे फॉर्म एकत्रच द्यायचे. लस्सी पिऊन परत आलो. पूनमला सांगितलं, मोठी लाइन होती. लाइन खरंच होती. लस्सीच्या दुकानात.

१५ मे, शुक्रवार
खासगी स्कूलला डेमोसाठी गेलो. मास्तर उद्धवराव. तीस वर्षं नागपूर-हैदराबाद रोडवर काढलेला माणूस. त्यांनी मला थेट स्टिअरिंगवर बसवलं. एवढ्या उंचावरून जमीन फार लांब दिसते, हे कुणी आधी सांगत नाही. मास्तर म्हणाले, क्लच हळू सोडा. मी सोडला. गाडीने उडी मारली आणि बंद पडली. मास्तरांच्या हातातला चहा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर. ते तेलुगूत काहीतरी पुटपुटले. मला तेलुगू चांगलं येतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गाडी जुनी होती. कंपनीच्या रकान्यात लिहिलं: गाड्या नव्या. घरी येताना बाइक सगळ्या रस्त्याने दुसऱ्या गियरमध्येच चालवली. ऊन चव्वेचाळीस डिग्री आहे, त्याने होतं असं.

१८ मे, सोमवार
कालपासून अधिक महिना लागला. अधिकात नवीन काम सुरू करत नाहीत. माझा नाइलाज आहे. पूनमला सांगितलं, तर ती म्हणाली, फॉर्म देणं म्हणजे लग्न लावणं नाही. शिवाय म्हणाली, सात जूनला आईने धोंड्याचं जेवण ठेवलंय, ते बरं चालतं तुम्हाला अधिकात. मी म्हणालो, जावयाला धोंडे खाऊ घालणं हे धार्मिक आहे. ती हिशेबाच्या वहीकडे वळली. हल्ली ती पुढे बोलत नाही, हे मला फारसं आवडत नाही.

२६ मे, मंगळवार
ही वही कुणी वाचत नाही, म्हणून खरं लिहितो.

आज जिना चढलो. टेबलावर मयूरी नावाची मुलगी होती. तिने विचारलं, किती फॉर्म आहेत? अमरचा फॉर्म माझ्या हातात होता. फक्त टेबलावर ठेवायचा होता. हात पुढे झाला नाही. मी तिला हॉस्टेलच्या जेवणाबद्दल विचारलं. ती म्हणाली, भात आणि पप्पू, म्हणजे आपलं वरण. मी म्हणालो, मग विचार करून येतो, आणि फॉर्म घडी करून खिशात घातला.

जिना उतरताना स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याची वस्तू उचलल्यासारखं वाटत होतं. पप्पू मला आवडतो. ठरवलं, शनिवारी काही होवो, दोन्ही फॉर्म द्यायचेच.

३० मे, शनिवार
पहाटे पाचला उठलो. माझा फॉर्म भरला. पहिल्यांदा! फक्त फोटो नव्हता. घरात एकच सापडला, लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला. तो चालला नसता. दुकानाचं आवरून दुपारी आदिलाबादला स्टुडिओत गेलो तर करंट गेलेला. दीड तास बसलो. आज मधेच उठलो नाही, ही नोंद महत्त्वाची आहे.

दोन चाळीसला ऑफिसला पोचलो. कुलूप. खालचा टायरवाला म्हणाला, शनिवारी एकलाच बंद करतात. तरी वर जाऊन दार वाजवलं. दोन्ही फॉर्म परत डिकीत.

फोटो मात्र चांगला आलाय.

१ जून, सोमवार
अमरचा फोन आला. फॉर्मचं काय झालं? मी म्हणालो, ऑफिसात नेला होता. शब्द न् शब्द खरा आहे. मग तोंडातून निघून गेलं, लिस्ट लागेल आता. हा शब्द खरा नव्हता.

 त्याने बरं म्हटलं आणि विचारलं, जेवले का भाऊजी. काऊन विचारलं असेल?

३ जून, बुधवार
अमरने पंपावरचं काम सोडलं. दुकानात येऊन सहज सांगितल्यासारखं सांगितलं. मी विचारलं, कशाला सोडलं? तो म्हणाला, "ट्रेनिंगले जा लागते ना भाऊजी."

माझ्या हातातलं माप खाली पडलं. साखर सांडली. ती त्यानेच भरून दिली. घरात तो आणि त्याची आई, कमावणारा तो एकटा, आणि माझ्यामुळे त्याचं काम गेलं. उद्या सगळं सांगून टाकायचं. उद्या गुरुवार, माझा उपास असतो, उपाशीपोटी नीट बोलता येत नाही. परवा.

५ जून, शुक्रवार
सांगितलं नाही. त्यापेक्षा चांगली योजना सुचली. अमरला खासगी स्कूलमध्ये घालायचं, फी मी भरायची. म्हणजे त्याचं नुकसान नाही आणि सांगायचीही गरज नाही. उद्धवराव मास्तरांना भेटलो. ते तयार झाले. फक्त विचारलं, तुम्ही येणार नाही ना?

मग अमरला फोन करून अर्धा तास समजावलं. कंपनी दोन वर्षं बांधून घेते, माणसाला स्वातंत्र्य नको का, वगैरे. मी इतका चांगला बोललो की मलाच पटलं. तो म्हणाला, "बांधून घेतलं त बरंच हाय भाऊजी. दोन वर्षं काम त पक्कं." ते मी कंपनीच्या रकान्यात लिहून घेतलं.

७ जून, रविवार. बेला
धोंड्याचं जेवण. सासूबाईंनी, म्हणजे भागाबाईंनी, पाटाभोवती रांगोळी काढली होती. पुरणाचे धोंडे, वर तूप. ताटात तेहतीस अनारसे आणि दिवा ठेवून वाण दिलं. मला नारायण समजून त्यांनी वाकून नमस्कार केला. त्या वाकल्या तेव्हा मला पाटासकट जमिनीत जावंसं वाटलं. ज्यांच्या पोराचं मी वाटोळं केलं, त्याच माझ्या पाया पडत होत्या.

पहिला धोंडा मी नुसता तुपात फिरवत बसलो. त्यांनी विचारलं, "जवाईबापू, तोंड काऊन उतरलं? पोटभर जेवा." अमर तूप वाढत होता. मी सात खाल्ले. नाही म्हणायची हिंमत नव्हती, कसलीच हिंमत नव्हती.

परतताना पूनम बाइकवर मागे. मी तिला म्हणालो, तुझी आई फार साधी आहे. ती म्हणाली, हो, फार.

१२ जून, शुक्रवार
चार दिवस सांगण्याची प्रॅक्टिस करतोय. आरशासमोर चांगलं जमतं. दुकानात बयनाबाई तेल घ्यायला आली, तिचीही चुकून माफी मागितली. ती म्हणाली, कशाची? मी म्हणालो, भाव वाढल्याची.

१६ जून, मंगळवार. दुपारी १२
अधिक काल संपला. सकाळी नऊला अमर दारात. हातात बॅग, नवा शर्ट, सोबत सासूबाई. परवापासून बॅच आहे, म्हणून आजच निघतो म्हणाला. मला धडकी भरली. पोरगा हैदराबादपर्यंत जाणार आणि लिस्टमध्ये नाव नाही म्हणून गेटवरून परत येणार.

तांदळाच्या पोत्यांपाशी उभा राहून सगळं सांगून टाकलं. डिकी, जिना, मयूरी, कुलूप. साल्याच्या मागे राहायचं नव्हतं, हेही सांगितलं. आणि ट्रकची भीती वाटते, हे तर मी या वहीतही कधी लिहिलं नव्हतं. बोलता बोलता रडलो. गिऱ्हाईक उभं होतं, तरी.

अमर म्हणाला, "मले मालूम हाय भाऊजी. म्या तेरा तारखेलेच दुसरा फॉर्म भरला. डिकीत फॉर्म दिसला म्हून ताईनं तुमी परत आले त्याच दिवशी फोन केलता."

त्याच दिवशी. म्हणजे मी लस्सी पिऊन आलो त्या दिवशी. मग माझ्या धोंड्याच्या आधी त्याचं सिलेक्शन झालेलं होतं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "अधिकाचा महिना होता बापू. त्यात जवायाले कोन उघडं पाडते?"

अमर माझ्या पाया पडला. मी त्याला आशीर्वाद दिला. तो घेताना हसला नाही, मनापासून घेतला. मग ते दोघं बसस्टँडकडे गेले.

पूनमने माझ्या धक्क्याने पोत्यातून सांडलेले तांदूळ झाडून घेतले. मग विचारलं, तुमचं काय ठरलं? मी म्हणालो, विचार चालू आहे. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.