माय चालत असताना

चिचगड, ३ ऑक्टोबर २०२४

चि. उमेंद्रले ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन बंद ठेवला आहे, रागवू नको. घंटी वाजली का पोराचाच फोन म्हणून माय उठून धावते. पोळ्याले अशीच पडली, मनगट मोडलं. विसरणंही लय वाढलं. पोटभर जेवते अन् घरात कोणी जेवायले देत नाही म्हणून शेजारी सांगून येते. माझी सारी इज्जत काढली बाईनं!

देवरीच्या डॉक्टरनं सांगितलं, तिच्या डोक्याले आता दोन कामं एकदम झेपत नाहीत. चालताना कोणी बोललं का उत्तर शोधायच्या नादात पाय चुकते. म्हणून ती चालत असली का घरात सारे चूप. तू दिवाळीले येशील तेव्हा फाटकातून माय ओ करून बोंबलू नको. तिले आधी बसू दे, मग बोल. पुन्हा पडली तर उठायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. एवढं ऐक रे भाऊ.

तुझ्यावर कावलेली, तरी माया करणारी,
योगेश्वरी

भिलाई, १४ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस उमेंद्रचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर अजूनही कोंबडीनं उकरल्यावानीच आहे तुझं! घरात सारे चूप म्हणतेस, पण त्यात तूही चूप बसतेस हे काही मले पटून नाही राहिलं.

हाक न मारता घरात शिरायचं म्हणजे कसंतरीच वाटते. शाळेतून येतानाही मी फाटकातूनच बोंबलायचो, अन् आत जाईपर्यंत मायनं ताट वाढलेलं असायचं. पण तू म्हणतेस तसंच करीन, तोंड शिवून येतो. भेव एकाच गोष्टीचं वाटते ताई. तिनं मले ओळखलंच नाही तर?

जशी रागावतेस तशीच रागावत राहा.
तुझा आगाऊ भाऊ,
उमेंद्र

चिचगड, २८ नोव्हेंबर २०२४

चि. उमेंद्रले आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहून राहिली. गोंदियाच्या दवाखान्यातून मायले घरी आणलं. खुब्यात सळई टाकली, पण पाय हलवत नाही. पाठीले जखमा झाल्या. आता फार दिवस धरू नका, असं डॉक्टरनं सांगितलं.

तू स्वतःले खाऊन राहिला, हे मले दिसते. पण चूप उभं राहायले तुले मीच लावलं ना! ती न्हाणीतून येत होती. आंगणात दाढीवाला माणूस मुकाट उभा दिसला, भ्याली, मागं सरली अन् पायरीवरून पडली. तू हाक मारली असती तर ओळखलं असतं तिनं. माझं शहाणपण नडलं रे, तुझं काहीच चुकलं नाही.

काल तिनं मले जवळ बोलावून हळूच सांगितलं, दिवाळीत आंगणात चोर शिरला होता. उमेंद्र घरी असता तर त्याची हिंमत झाली नसती, असंही म्हणाली. मग विचारलं, पोरगा यंदा दिवाळीले काऊन नाही आला. मी तोंडात पदर कोंबून बाहेर निघाली.

लवकर ये. फाटकातूनच हाक मार, पूर्ण गळा काढून मार. आता भेव नाही. ती उठून चालत येणार नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
ताई